पूर ओसरल्यावर, राडारोडा उपसताना: छावणीतलं आणि वस्तीतलं आरोग्य कसं राखायचं

हैतीत भूकंप झाला १२ जानेवारी २०१० रोजी. कॉलरा आला ऑक्टोबरमध्ये, नऊ महिन्यांनी. आणि तो भूकंपग्रस्तांच्या तंबूंतून सुरू झाला नाही, तर दूरच्या आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यातून. त्या देशात जवळपास शंभर वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरचा मैला नीट हाताळला गेला नाही, तो एका ओढ्यातून नदीत उतरला आणि नदीकाठच्या लोकांनी ते पाणी प्यायलं. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून अधिक माणसं आजारी पडली, दहा हजारांच्या आसपास दगावली. डिसेंबर २०१६ मध्ये तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली.

भूकंपानंतर ढिगाऱ्यातल्या मृतदेहांमुळे रोगराई पसरेल अशी भीती सगळ्यांना होती. त्या मृतदेहांतून कॉलरा आला नाही. तो आला मैल्यातून.

आपत्तीत डोळ्यांना जे दिसतं त्यामागे आपण आधी धावतो. मृतदेह, चिखल, माश्या, धुराचं मशीन, रस्त्याच्या कडेला ओढलेली पांढऱ्या पावडरची रेघ. पण साथ येते ती न दिसणाऱ्या गोष्टींतून: टाकीतल्या पाण्यात क्लोरीन उरलंय का, रात्री संडासाला जायला बायका घाबरतात का, मुलाची शी धुऊन झाल्यावर आईला साबण मिळतो का. या गोष्टी नुसत्या बघून कळत नाहीत, मोजाव्या लागतात, विचाराव्या लागतात. निवारा केंद्राची, वस्तीची किंवा गावाची जबाबदारी ज्यांच्या अंगावर अचानक येऊन पडते, त्या कर्मचाऱ्यांसाठी आणि स्वयंसेवकांसाठी हा लेख आहे.

पहिल्या काही तासांत: चार आकडे

एक वही घ्या, मोबाइलची बॅटरी कधीही संपेल. पहिल्या पानावर चार आकडे हवेत. माणसं किती, त्यात पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका, म्हातारी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं किती. पाणी रोज किती लिटर येतंय. वापरता येतील असे संडास किती. आणि आज जुलाब झालेले किती. अंदाजे असले तरी चालतील, संध्याकाळी दुरुस्त करा. पण हे आकडे नसतील तर ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे टँकर जातो, आणि मागच्या बाजूला पन्नास माणसं कोरडी राहतात.

त्यानंतर जागेला एक फेरी मारा. पाणी कुठून येतं आणि सांडलेलं पाणी कुठे वाहत जातं, हे दोन प्रश्न डोक्यात ठेवून चाला. संडास चढावर आणि विहीर उतारावर असेल तर तिथेच थांबा, बाकी सगळं नंतर. वाटेत तुटलेली वीजवाहिनी, गॅसचा वास, गळणारी पिंपं, शेतीऔषधांचं गोदाम दिसलं तर दोरी बांधून ती जागा बंद करा.

जागा निवडायची मुभा असेल तर दाटी टाळा. मानवतावादी मदतीचे जे ‘स्फिअर’ मानदंड जगभर वापरले जातात, त्यांत छताखाली माणशी किमान ३.५ चौरस मीटर जागा धरली आहे. दाटीत सगळ्यात आधी गोवर धावतो. म्हणून आरोग्य यंत्रणेकडे पहिली मागणी करायची ती मुलांच्या गोवर लसीकरणाची, आणि ती साथ सुरू व्हायच्या आधी.

पाणी: आधी पुरेसं, मग शुद्ध, पण दोन्ही पहिल्याच दिवशी

आणीबाणीत लोक फक्त पिण्याच्या पाण्याचा विचार करतात. बाटलीबंद पाण्याचे खोके येतात, फोटो निघतात. पण माणसाला जगायला पिणं, रांधणं आणि किमान स्वच्छता मिळून दिवसाला ७.५ ते १५ लिटर पाणी लागतं, आणि स्फिअरचं उद्दिष्ट किमान १५ लिटरचं आहे. थोडं पण अतिशुद्ध पाणी दिलं की लोक हात धुणं सोडतात. मग ते शुद्ध पाणी पिऊनही जुलाब होतात, कारण जंतू हातावरून पोटात जातात. बऱ्यापैकी स्वच्छ पाणी भरपूर देणं हे मोजकं निर्मळ पाणी देण्यापेक्षा बरं.

एका नळावर २५० पेक्षा जास्त माणसं नकोत, हातपंपावर ५०० पेक्षा जास्त नकोत. नळ राहत्या जागेपासून ५०० मीटरच्या आत हवा, रांगेत अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ जाता कामा नये. रांग लांबली की लोक जवळच्या डबक्याकडे वळतात. त्यांना दोष देऊ नका, नळ वाढवा.

उगम निवडताना शक्य तिथे भूगर्भातलं पाणी घ्या, नदीनाल्याचं शेवटी. पुराचं पाणी शिरलेली विहीर दूषितच आहे असं धरून चला. ती साफ कशी करायची ते शेवटी येईल.

आता क्लोरीन. इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ब्लीचिंग पावडर ‘अंदाजाने दोन ओंजळी’ टाकली जाते. कमी पडली तर उपयोग नाही, जास्त पडली तर पाण्याला इतका उग्र वास येतो की लोक ते ओतून देतात. किती टाकायची हे कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही, कारण प्रत्येक पाणी वेगळं असतं. गढूळ, सेंद्रिय घाण असलेलं पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. ते पाण्यालाच विचारावं लागतं, आणि विचारायची रीत सोपी आहे. चार बादल्या, एक सुई नसलेली सिरिंज, क्लोरीन तपासायचा संच आणि अर्धा तास.

१. आधी एक टक्क्याचं द्रावण बनवा. चांगल्या ब्लीचिंग पावडरमध्ये तीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. अशी ३३ ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात नीट ढवळा. चुना खाली बसू द्या आणि वरचं नितळ पाणी वापरा. हे द्रावण रोज ताजं करा.

२. जे पाणी शुद्ध करायचं आहे, तेच चार बादल्यांत प्रत्येकी २० लिटर भरा. बादल्या प्लास्टिकच्या, धातूच्या नकोत.

३. सिरिंजने पहिल्या बादलीत १ मिलीलिटर, दुसरीत १.५, तिसरीत २ आणि चौथीत ५ मिलीलिटर द्रावण घाला. ढवळा, झाका, घड्याळ लावा.

४. तीस मिनिटांनी प्रत्येक बादलीतलं थोडं पाणी तपासणीच्या नळीत घेऊन डीपीडीची गोळी टाका. क्लोरीन उरलं असेल तर पाणी गुलाबी होतं. नळीमागे पांढरा कागद धरून रंग पट्टीशी जुळवा. ज्या बादलीत प्रतिलिटर ०.२ ते ०.५ मिलीग्रॅम क्लोरीन उरलं असेल, ती तुमची मात्रा. तपासलेलं पाणी फेकून द्या, पुन्हा बादलीत ओतू नका.

समजा, पहिल्या बादलीतल्या नळीत पाणी बिनरंगीच राहतं. दुसरीत गुलाबी झाक आहे की नाही यावर दोघांत वाद होतो. तिसरीत रंग पट्टीतल्या खुणेवर येऊन थांबतो, चौथी गडद गुलाबी. म्हणजे २० लिटरला २ मिलीलिटर. मग २,००० लिटरच्या टाकीला २०० मिलीलिटर आणि १०,००० लिटरच्या टँकरला एक लिटर. हा हिशेब टाकीवर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा, म्हणजे पाळी बदलली तरी मात्रा बदलणार नाही. पाऊस पडून उगमाचं पाणी गढुळलं की पुन्हा चार बादल्या मांडा. चारही नळ्या बिनरंगीच राहिल्या तर पाणी क्लोरीन खातंय किंवा पावडर मेली आहे. उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवलेली पावडर काही आठवड्यांत निकामी होते. ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा.

टँकर भरतानाच द्रावण टाका. रस्त्यातल्या हिंदकळण्याने ते आपोआप मिसळतं आणि वाटेत अर्धा तास निघून जातो. जवळपास कॉलरा असेल तर नेम वर न्या: भरताना टँकरमध्ये प्रतिलिटर २ मिलीग्रॅम आणि सार्वजनिक नळावर १ मिलीग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसायला हवं.

गढूळ पाण्यात क्लोरीन टाकून समाधान मानू नका. आधी पाणी निवळू द्या, तुरटी फिरवा, कापडाने गाळा. आणि क्लोरीनच्या मर्यादा ओळखा: क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या काही परजीवींना ते मारत नाही, आणि डिझेल, कीटकनाशक, रसायन यांच्यावर त्याचा इलाज नाही. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा रसायनाचा वास आला तर तो उगमच सोडा. उकळूनही असं पाणी सुधारत नाही, उलट काही रसायनं घट्ट होतात.

टाकीतून निघालेलं शुद्ध पाणी घरात पुन्हा बिघडतं, आणि हे मी म्हणेन सगळ्यात दुर्लक्षित ठिकाण. रुंद तोंडाच्या भांड्यात पेला बुडवला, त्याबरोबर बोटं बुडाली की संपलं. कुटुंबाला अरुंद तोंडाचं, झाकणाचं, शक्यतो तोटीचं भांडं द्या, दहा ते वीस लिटरची दोन: एक आणायला, एक साठवायला. रोज दहा घरांत जाऊन भांड्यातलं क्लोरीन तपासा. टाकीवर क्लोरीन आहे आणि घरात नाही, असं दिसलं तर दोष पाण्यात नाही, भांड्यांत आहे.

टाकी, टँकर काहीच पोचलं नसेल तर घरच्या घरी: पाणी खळखळून एक मिनिट उकळा, दोन हजार मीटरपेक्षा उंचावर असाल तर तीन मिनिटं. इंधन नसेल आणि पाणी नितळ असेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या भरून कडक उन्हात सहा तास आडव्या ठेवा. आभाळ भरलेलं असेल तर सलग दोन दिवस लागतात.

मैला: इथेच साथ अडते

जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो निर्वासित झैरमधल्या (आताचं काँगो लोकशाही प्रजासत्ताक) गोमा शहरात आले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, कुदळ चालेना, संडासाचे खड्डे खणताच येईनात. पाणी किवू सरोवराचं, शुद्ध न केलेलं. पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसं मेली, मुख्यतः कॉलरा आणि हगवणीने. जागा निवडतानाच जमीन कशी आहे हे बघायचं ते यासाठी.

पहिल्या दिवशी पक्के संडास उभे राहत नाहीत. पण पहिल्या तासापासून लोकांना शौचाला जावं लागतं. म्हणून ताबडतोब एक जागा आखून द्या: पाण्यापासून दूर, उताराच्या खालच्या बाजूला, बायकांसाठी वेगळी, आडोशाची. तिथे उथळ चर खणा, बाजूला माती आणि फावडं ठेवा, प्रत्येकाने जाऊन आल्यावर माती लोटायची. दोन-तीन दिवसांत खोल चर: साधारण दोन मीटर खोल, पाऊण ते एक मीटर रुंद, वर फळ्या, भोवती आडोसा. मैला जमिनीच्या पातळीपासून फूटभर खाली आला की चर मातीने बुजवून दाबून टाका, पुढचा खणा. खड्डा विहिरीपासून किमान ३० मीटर लांब हवा आणि त्याचा तळ भूजलाच्या पातळीपेक्षा किमान दीड मीटर वर. पाणी साचलेल्या किंवा खडकाळ जागी खणायच्या भरीस पडू नका. तिथे उंचावर पिंप ठेवून केलेला, उपसता येणारा संडास लागतो, आणि उपसलेला मैला नेमका कुठे जाणार हे आधी ठरवावं लागतं. हैतीत याच प्रश्नाने घात केला.

सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास चालवून घ्यावा लागतो, पण लवकरात लवकर २० माणसांमागे एक व्हायला हवा. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत.

आता आकडे पूर्ण झाले आणि तरी सकाळी तंबूंच्या मागे घाण दिसते, असं होतं. संडासात जाऊन बघा. दाराला आतून कडी नाही. वाटेवर दिवा नाही. आडोशाच्या ताडपत्रीला उजेडात आरपार दिसतं. खड्ड्याचं भोक इतकं मोठं की लहान मूल आत पडेल. म्हाताऱ्याला उकिडवं बसता येत नाही आणि धरायला काही नाही. कागदावर हा संडास आहे, प्रत्यक्षात नाही. बायका अंधार पडेपर्यंत पोट दाबून राहतात, मुद्दाम पाणी कमी पितात. कडी, दिवा, जाड आडोसा, धरायला बांबू: हे काम एका दुपारचं आहे, आणि माझ्या मते दहा नवे संडास बांधण्याआधी ते करायला हवं. जागा आणि मांडणी ठरवताना बायकांना विचारा, तेही पुरुषांच्या गर्दीत नव्हे. पाळीच्या कापडांची, पॅडची विल्हेवाट लावायला झाकणाचा डबा आणि कापड धुवायला, वाळवायला आडोशाची जागा लागते. हा विषय बैठकीत कुणी काढत नाही, म्हणून तुम्ही काढा.

लहान मुलांच्या शीला लोक घाण मानत नाहीत. ती मोठ्यांच्या मैल्याइतकीच धोकादायक आहे. आईला फावडं किंवा भांडं आणि संडासात टाकायची सवय, दोन्ही द्यायला हवं.

संडासाच्या दाराशीच हात धुवायची सोय हवी, वीस पावलांवर नको. तळाशी छोटं भोक पाडून खिळा लावलेली बाटली, दोरीने बांधलेला साबण. माणशी महिन्याला अडीचशे ग्रॅम अंगाचा साबण आणि दोनशे ग्रॅम कपड्यांचा, एवढा पुरवठा धरा. आणि साफसफाई कोण करणार ते नावानिशी ठरवा, त्यांना गमबूट, जाड हातमोजे, धनुर्वाताची लस आणि मेहनताना द्या. ‘सगळ्यांनी मिळून साफ करायचं’ असं ठरलं की तिसऱ्या दिवशी कुणीच करत नाही.

अन्न आणि तान्ही बाळं

सामुदायिक स्वयंपाकघरात एक नियम कडक पाळा: जेवण गरम असताना वाढा आणि दोन तासांत संपवा. जुलाब, उलट्या होत असलेल्या माणसाला चुलीपासून आणि वाढण्यापासून लांब ठेवा. वीज गेली असेल तर फ्रीज बंद ठेवला तरच चार तास तग धरतो. त्यानंतरचं दूध, मांस, शिजवलेलं अन्न वास न घेता टाकून द्या, कारण बिघडलेल्या अन्नाला वास येईलच असं नाही. पुराचं पाणी लागलेलं सगळं टाकायचं. अपवाद न फुगलेल्या, न गंजलेल्या पत्र्याच्या डब्यांचा: कागद काढून, धुऊन, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून मग उघडा.

दुधाच्या पावडरीच्या देणग्या मात्र सरसकट वाटू नका. २००६ च्या जावा बेटावरच्या योग्यकार्ता भूकंपानंतर ज्या लहान मुलांना अशी पावडर मिळाली, त्यांच्यात जुलाबाचं प्रमाण न मिळालेल्यांच्या जवळपास दुप्पट आढळलं. पावडर दूषित पाण्यात कालवली जाते, बाटली उकळायला इंधन नसतं, आणि आईचं दूध आटतं. त्यापेक्षा बाळंतिणीला आडोसा द्या, जास्तीचं पाणी आणि जेवण द्या. आई नसलेल्या बाळांसाठी पावडर लागेलच, ती आरोग्य कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली.

मृतदेह

भूकंपात, पुरात, वादळात माणसं मरतात ती मार लागून, बुडून, गुदमरून. त्यांच्या अंगात साथीचा रोग नव्हता, तर मेल्यावर तो येत नाही. म्हणून घाईने खड्ड्यात सामूहिक दफन करणं, ओळख न पटवता जाळणं, मृतदेहांवर पावडर शिंपडणं याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना हे वर्षानुवर्षं सांगत आहे. घाई केली की नातेवाईक आयुष्यभर शोधत राहतात, वारसाहक्क अडकतात. प्रत्येक मृतदेहाचा चेहरा, कपडे, अंगावरच्या खुणा यांचे फोटो काढा, न भिजणारा क्रमांक बांधा, जमेल तेवढा थंडावा द्या. दफन करावंच लागलं तर एकेक वेगळा, क्रमांकासह, पाण्यापासून दूर.

हाताळणाऱ्यांनी हातमोजे, गमबूट घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. साधा मास्क वास अडवत नाही, पण मन घट्ट करतो, तर असू द्या. अपवाद एकच आणि तो महत्त्वाचा: माणूस कॉलरा, इबोला अशा रोगानेच गेला असेल तर आरोग्य यंत्रणेने सांगितलेली वेगळी पद्धत लागते. मृतदेह पिण्याच्या पाण्यात असेल तर तो आधी काढा.

डास, उंदीर, आणि फवारणीचा मोह

पुराचं पाणी सुरुवातीला डासांच्या अळ्या वाहून नेतं. मग पाणी ओसरतं, डबकी उरतात, आणि मलेरियाची लाट आलीच तर बहुधा सहा ते आठ आठवड्यांनी येते, तोवर मदतकार्य आवरलेलं असतं. म्हणून आजच कॅलेंडरवर ती तारीख लिहा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात, म्हणजे तुम्ही वाटलेल्या पिंपांत आणि बादल्यांतच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस: सगळी भांडी रिकामी करून, घासून, वाळवून पुन्हा भरायची. कीटकनाशक मारलेल्या मच्छरदाण्या, टाक्यांना झाकणं, नळाखालच्या चिखलाला वाट करून देणं, याने जे साधतं ते धुराच्या मशीनने साधत नाही. धूर उडते डास मारतो, डबक्यातल्या अळ्या तशाच राहतात. साथ सुरू झाली असताना आरोग्य खातं धूर करेल, तेव्हा त्याला अडवू नका, पण त्यावर विसंबू नका. आणि रस्त्याच्या कडेला टाकलेली ब्लीचिंग पावडर म्हणजे टाकीतून चोरलेलं क्लोरीन, असंच मी समजतो.

उंदीर वाढले की लेप्टोस्पायरोसिस येतो. त्यांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यात, चिखलात अनवाणी चाललं, पायाला जखम असली की जंतू शिरतात. चिखलात उतरलेल्या माणसाला अचानक ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल होणं असं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. जास्त धोका असलेल्यांना प्रतिबंधक औषध द्यायचं का, हे डॉक्टर ठरवतील. खिळ्याच्या, पत्र्याच्या जखमांकडेही तसंच बघा. २००४ च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचेह प्रांतात धनुर्वाताचे शंभराहून अधिक रुग्ण सापडले होते.

कचरा, राडारोडा आणि नको असलेली देणगी

ओला कचरा रोज उचला आणि पुरा. सुया, पट्ट्या, दवाखान्याचा कचरा वेगळ्या, टणक डब्यात. प्लास्टिक जाळू नका, तो धूर शेजारच्या तंबूतल्या दमेकऱ्याच्या छातीत जातो.

राडारोडा उचलताना पहिल्या दिवसापासून वेगवेगळे ढीग करा: लाकूड, धातू, विटा-काँक्रीट, विजेची उपकरणं, धोकादायक वस्तू. एकदा सगळं एकत्र झालं की वेगळं करायला अनेक पट कष्ट पडतात. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर जपानच्या हिगाशी-मात्सुशिमा शहराने स्थानिक लोकांनाच रोजगार देऊन ढिगारा हाताने निवडून घेतला आणि त्यातला बहुतेक भाग पुन्हा वापरात आणला. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतू, असू शकतं. ते तोडू नका, पाणी मारून ओले ठेवा, अखंड उचला, प्लास्टिकमध्ये गुंडाळा.

देणगीतूनही कचरा होतो. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात आलेल्या औषधांपैकी सुमारे १७ हजार टन औषधं निरुपयोगी ठरली. ती नष्ट करणं हाच मोठा उद्योग झाला. ‘काय पाठवू’ असं कुणी विचारलं तर नेमकी यादी द्या आणि बाकीच्याला नाही म्हणा.

रोज सकाळची वही

पाण्यासारखे जुलाब, रक्ताचे जुलाब, ताप, पुरळ आणि ताप, कावीळ, खोकला, मृत्यू. एवढेच रकाने, पाच वर्षांखालचे आणि वरचे वेगळे. रोज सकाळी तंबूनिहाय भरा. दर दहा हजार माणसांमागे दिवसाला एक मृत्यू म्हणजे आणीबाणीची घंटा मानली जाते. पण कॉलऱ्यासाठी तेवढी वाट बघायची नाही. मोठ्या माणसाला तांदळाच्या पेजेसारखे पांढरट, पाण्यासारखे जुलाब होऊन काही तासांत तो खंगलेला दिसला, तर एका रुग्णावरही आरोग्य अधिकाऱ्याला फोन करा आणि त्याच वेळी त्या भागातल्या पाण्याचं क्लोरीन तपासायला माणूस धाडा.

रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत जलसंजीवनी सुरू ठेवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मीठ जास्त पडलं तर अपाय होतो, म्हणून चव अश्रूंपेक्षा खारट नको. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट घोट.

घरी परतताना

वीज आणि गॅस तपासल्याशिवाय आत पाऊल नको. जनरेटर घरात, पडवीत, खिडकीजवळ कधीही लावू नका, किमान सहा मीटर लांब ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणसं जातात. गाळ ओला असतानाच काढा, वाळला की तो दगड होतो आणि त्याची धूळ उडते. क्रम असा: गाळ, मग साबणपाणी, मग क्लोरीनचं पाणी, मग वारा आणि ऊन. घाणीवर क्लोरीन ओतलं तर ते घाणीतच संपतं. क्लोरीनमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं कुठलंही साफसफाईचं द्रव्य मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. गाद्या, उशा, भिजलेले लाकडी भुश्शाचे फर्निचर एक-दोन दिवसांत वाळलं नाही तर टाकून द्या, बुरशी धरते आणि ती दम्याच्या माणसाला घरात राहू देत नाही.

विहीर सगळ्यात शेवटी, पण पिण्याआधी. आत डिझेलचा पंप घेऊन कधीही उतरू नका, आणि हवा तपासल्याशिवाय माणूसही उतरवू नका. गाळ आणि तरंगता कचरा काढा, पाणी उपसा, पण भोवतालची जमीन भिजलेली असताना एकदम तळ गाठेपर्यंत उपसलं तर भिंत खचते, म्हणून हळूहळू. कठडा आणि आतली भिंत घासा. मग पाण्याचा हिशेब करा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत साधारण २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. प्रतिलिटर ५० मिलीग्रॅम क्लोरीन द्यायचं तर दर हजार लिटरला तीस टक्क्यांची पावडर सुमारे १६५ ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साडेचार-पावणेपाच किलो. पावडर कोरडी टाकू नका. बादल्यांत कालवा, चुना बसू द्या, वरचं पाणी विहिरीत चौफेर ओता, बादलीने ढवळा आणि रात्रभर, किमान बारा तास, झाकून ठेवा. त्या वेळात कुणी पाणी काढणार नाही यासाठी राहाटावर फलक आणि शेजारी माणूस, दोन्ही हवं.

दुसऱ्या दिवशी क्लोरीनचा उग्र वास जाईपर्यंत पाणी उपसा आणि ते ओढ्यात, तळ्यात किंवा पिकात सोडू नका, मासे आणि रोपं मरतात. नवं पाणी भरलं की नळी, गोळी, पांढरा कागद घेऊन तपासा. क्लोरीन ०.५ मिलीग्रॅमच्या आसपास उतरलं की लोकांना पाणी भरू द्या, आणि त्यानंतर रोज दर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडरपासून सुरुवात करून चार बादल्यांच्या चाचणीने मात्रा ठरवा. आठवड्याने पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. नमुना बिघडलेला आला तर विहिरीच्या भोवतालच्या तीस मीटरमध्ये कुणाचा संडास आहे ते आधी बघा.